स्फोटात डोक्याला मार, मग पाळी बंद : गर्भाशयाआधी मेंदूच्या तळाकडे बघा

ग्वाल्हेरच्या एका ताईंनी धाकट्या बहिणीबद्दल विचारलं आहे. बहीण २९ वर्षांची, केंद्रीय सशस्त्र दलात आहे. नऊ महिन्यांपूर्वी गाडीखाली सुरुंग फुटला. दहा-पंधरा मिनिटं शुद्ध नव्हती, पण सीटी स्कॅन साफ आला आणि दोन आठवड्यांत सुट्टी मिळाली. पुढे एकदा झटका आला म्हणून व्हॅलप्रोएट सुरू झालं. मळमळ आणि गॅससाठी एक कॅप्सूल रोज चालू आहे. आधी पाळी महिन्याच्या महिन्याला यायची, स्फोटानंतर एकदाही आलेली नाही. पाळी आणायच्या गोळ्या दोनदा झाल्या, तरी नाही. वजन सहा किलोनं वाढलं, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवं आहे. घरचे म्हणतात टेन्शन आहे, कुणी थेट टेस्ट ट्यूब करा म्हणतं. ताईंचा प्रश्न असा की ती आई होईल ना, आणि आता कुठे न्यावं?

ताई, आई होण्याची शक्यता चांगली वाटते, आणि का वाटते ते पुढे सांगते. पण त्याआधी एक दुसरा प्रश्न सुटायला हवा, तो तुम्ही विचारलेला नाही. पाळी बंद होणं हे इथे गर्भाशयाचं दुखणं नसून वरून येणारा निरोप थांबल्याचं लक्षण असण्याचा संभव मोठा आहे. जिथून हा निरोप निघतो त्याच ग्रंथीतून शरीराला तगवून धरणारी आणखी दोन-तीन हार्मोन्स चालतात. त्यांचं काय झालंय हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. ते न बघता गर्भाशयाला गोळ्या देत राहणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोबणीत वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. वर हायपोथॅलॅमस हा तिला हुकूम देणारा मेंदूचा भाग, आणि दोघांना जोडणारा एक बारीक देठ. खोबणीवर घट्ट पडदा असतो आणि देठ त्या पडद्यातल्या छिद्रातून खाली उतरतो. स्फोटाच्या दाबलाटेनं किंवा गाडी उडाल्यावर डोक्याला बसलेल्या हिसक्यानं मेंदू हलतो, पण ग्रंथी खोबणीत अडकलेली असते. ताण येतो तो देठावर. देठातूनच ग्रंथीच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या लांब, नाजूक शिरा जातात. ग्रंथीचे बाजूचे पंख मुख्यत्वे याच शिरांवर जगतात, आणि वाढीचं हार्मोन व बीजकोषांना हुकूम देणारी एफएसएच, एलएच ही हार्मोन्स बनवणाऱ्या पेशी तिथे जास्त असतात. म्हणून डोक्याच्या मारानंतर हीच दोन कामं आधी मंदावतात. कॉर्टिसॉल (आजारात, ताणात शरीर सावरून धरणारं हार्मोन) आणि थायरॉईडला हुकूम देणाऱ्या पेशी मधल्या भागात असल्यानं त्या मानानं वाचतात, पण वाचतीलच असं नाही.

सीटी साफ आला हे चांगलंच झालं. मात्र सीटी बघते ती मुख्यतः रक्तस्राव, हाड मोडणं, सूज. देठाला बसलेला हिसका त्यात दिसत नाही. मार ‘सौम्य’ होता याचाही अर्थ मर्यादित आहे. अर्ध्या तासाच्या आत शुद्ध आली आणि आठवणीतला गोंधळ दिवसभरात निवळला की वैद्यकीय भाषेत त्याला सौम्य म्हणतात. ते वर्गीकरण जीव वाचण्याच्या अंदाजासाठी आहे, हार्मोन्ससाठी नाही.

हे किती जणींना होतं? डोक्याच्या माराच्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये मांडलेला आकडा असा, की काही महिन्यांनंतर तपासलेल्यांपैकी २७.५ टक्के लोकांत पिट्युटरीचं निदान एक तरी काम उणं होतं. स्फोटात जखमी झालेल्या ब्रिटिश सैनिकांच्या २०१३ च्या एका लहान अभ्यासात १९ पैकी ६ जणांत दोष सापडला. ते सगळे १९ जण पुरुष होते. स्त्री जवानांबद्दलची माहिती जगभरच तुटपुंजी आहे. आपल्याकडे केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ मध्ये उभी राहिली, आणि सैन्यात शिपाई पदावर मिलिटरी पोलीसमध्ये स्त्रियांची पहिली तुकडी २०२१ मध्ये प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. म्हणून तुमच्या बहिणीसाठी आपल्याला नागरी अपघातांतल्या स्त्रियांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यांच्यात, विशेषतः मोठ्या मारानंतर, पाळी काही काळ थांबणं फार सर्रास दिसतं. बहुतेकींची काही महिन्यांत आपोआप सुरू होते. नऊ महिने उलटूनही एकदाही आली नाही, तेव्हा मात्र वाट बघण्याची मुदत संपली असं मी धरते.

पुरुष जवानात हाच दोष वर्षानुवर्षं कळत नाही, थकवा आणि चिडचिड म्हणून तो दबून राहतो. स्त्रीच्या बाबतीत पाळी ही फुकट मिळणारी सूचना आहे. ती गोळीनं बुजवली की ही सोयही गेली.

आता कारणांची छाननी. मारानंतर पाळी थांबली म्हणून मारामुळेच थांबली असं लगेच धरू नये. पहिली तपासणी गरोदरपणाची, कितीही हसू आलं तरी. लघवीची पट्टी पुरते. दुसरी चौकशी : स्फोटाच्या आधीच्या वर्षात ‘अंतरा’चं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं होतं का? ड्युटीवरच्या पुष्कळ मुली घेतात. तीन महिन्यांच्या त्या इंजेक्शननंतर पाळी परत यायला नऊ-दहा महिनेही लागतात. तिसरी, पाळी लांबवायच्या गोळ्या. घरी महालक्ष्म्या, ड्युटीवर लांबची गस्त, अशा वेळी त्या कुणी मोजून घेत नाही आणि डॉक्टरांना सांगत तर नाहीच. हे सगळं तारखांसकट लिहून काढा.

आणि ती गॅसची कॅप्सूल. तिचं पाकीट हातात घेऊन घटकांची बारीक अक्षरं वाचा. ॲसिडिटीच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड किंवा डोमपेरिडोन लिहिलेलं असेल, तर हा मोठा संशयित आहे. ही दोन्ही प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढवतात, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी थांबते, कधी स्तनातून दुधासारखा स्राव येतो. आपल्याकडे ही कॅप्सूल चहासारखी चालू राहते, पाच दिवसांसाठी दिलेली सहा महिने. झोपेसाठी किंवा दचकून उठण्यासाठी रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइडसारखं काही दिलं असेल तर तेही तेच करतं. फरक एवढा की गॅसची कॅप्सूल डॉक्टरांना विचारून थांबवता येते, मानसोपचाराचं औषध मात्र मनानं कधीही थांबवायचं नाही. दुखण्यासाठी ट्रामाडोल महिनोन्‌महिने चालू असेल तर त्यानंही वरून येणारे हुकूम दबतात. व्हॅलप्रोएटमुळे वजन वाढतं आणि बीजकोषांत बारीक गाठी धरून पाळी लांबते, हेही खरं.

इथे तुमच्या पत्रातली एक ओळ फार उपयोगाची आहे : दोनदा गोळ्या देऊनही पाळी आली नाही. शरीरात इस्ट्रोजेन (बीजकोषांतून येणारं स्त्रीहार्मोन) पुरेसं असेल तर गर्भाशयात अस्तर तयार असतं, आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज एक, अशा दहा दिवसांच्या गोळ्या थांबवल्यावर साधारण आठवडाभरात रक्तस्राव होतो. नुसत्या व्हॅलप्रोएटमुळे लांबलेली पाळी अशा गोळ्यांनी बहुधा येते. आली नाही, म्हणजे इस्ट्रोजेनच फार कमी आहे असा अंदाज बांधता येतो. (गर्भाशयातलं अस्तर चिकटलं असेल तरी हे होतं, पण तिचं क्युरेटिंग (गर्भाशय खरवडून साफ करणं) वगैरे काही झालेलं नसेल तर ते बाजूला ठेवू.) म्हणून माझा संशय दोन ठिकाणी जातो, कॅप्सूलमुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन किंवा देठाला, ग्रंथीला बसलेला मार. दोन्ही एकत्रही असू शकतं. गोळ्यांची तिसरी खेप देऊन यातलं काहीच कळणार नाही.

तपासण्यांचा क्रम असा ठेवते. सगळ्यात आधी सकाळचं कॉर्टिसॉल, कारण या यादीत जीवावर बेतणारी कमतरता हीच आहे. रक्त आठ ते नऊच्या दरम्यान काढायचं. लॅबमधला मुलगा रांग संपवून साडेदहाला सुई लावतो आणि चिठ्ठीवर वेळ लिहीत नाही, मग त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. नळीवर वेळ लिहून घ्या, समोर उभं राहून. आदल्या आठवड्यात रात्रपाळी झालेली नको, शरीराचं घड्याळच उलटं चालतं. सांधेदुखीची पुडी, दम्याचा पंप, गोरेपणाचं मलम, यांत स्टेरॉईड असू शकतं. तसलं काही चालू असेल तर सांगा. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर आकडा खोटा वर दिसतो, म्हणून ती सहा आठवडे आधी बंद हवी. आकडा दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर कमतरता जवळपास नक्की, १५ च्या वर आला तर सहसा चिंता नाही. मधला आला तर एसीटीएचचं (कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं हार्मोन) इंजेक्शन देऊन पुन्हा मोजावं लागतं, आणि तुमच्या बहिणीसारख्यांत तो मधलाच यायची शक्यता बरीच असते.

त्याच खेपेत टीएसएच (थायरॉईडला पिट्युटरीचा हुकूम) आणि फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन), दोन्ही. नुसतं टीएसएच इथे फसवतं. बिघाड पिट्युटरीतच असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि टी-फोर खाली असतं. टी-फोर कमी आलं म्हणून कुणी लगेच थायरॉईडची गोळी लिहून देईल. कॉर्टिसॉलचा निकाल हातात येईपर्यंत ती सुरू करू नका. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपवतं, आणि रक्तदाब कोसळून माणूस अतिदक्षता विभागात जातो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी), काही दिवसांनी थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी). हा क्रम उलटा झालेला मी कधीही चालवून घेत नाही.

मग एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि प्रोलॅक्टिन. पाळीच नसल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट बघायची गरज नाही. प्रोलॅक्टिनच्या आधी वीसेक मिनिटं शांत बसवा, आणि गॅसची कॅप्सूल डॉक्टरांना विचारून निदान तीन दिवस आधी थांबवा. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर तीही दोन-तीन दिवस बंद, तिनं मशीनचे आकडे चुकतात. सोडियम आणि आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारी तपासणी) ही जोडीला.

रिपोर्ट आल्यावर लोक जिथे हमखास चुकतात ती जागा दाखवते. समजा इस्ट्राडायोल १२ आलं आणि एफएसएच ५. छापील कागदावर एफएसएचपुढे तारा नसतो, ठळक अक्षर नसतं, कारण ५ हा नेहमीच्या मर्यादेतला आकडा आहे. सगळे म्हणतात, एफएसएच नॉर्मल. पण इस्ट्राडायोल इतकं खाली असताना निरोगी पिट्युटरीनं आरडाओरडा करायला हवा, एफएसएच ३०-४० च्या वर जायला हवं. ती ५ वर गप्प बसली आहे, हाच दोष. उलट एफएसएच दोनदा ४० च्या वर आलं, तर बीजकोष स्वतःच थकले आहेत आणि सगळी कथा बदलते. प्रोलॅक्टिन (मिलिलिटरला नॅनोग्रॅम या मापात) २५ पर्यंत ठीक. २५ ते १०० च्या दरम्यान सहसा औषध किंवा देठाचा मार. त्याहून वर जाऊ लागलं तर औषधं आधी पुन्हा तपासा, आणि २०० च्या पुढे गाठीचा विचार करावाच लागतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेदना, अपुरी झोप, भीती, अचानक घटलेलं वजन यांनीही हायपोथॅलॅमस गप्प बसतो, आणि त्याचे एफएसएच-एलएचचे आकडे ग्रंथीच्या मारासारखेच दिसतात. रक्ताच्या एका तपासणीनं हा फरक दर वेळी कळत नाही. बाकीची हार्मोन्स शाबूत असतील आणि झोप-जेवण सुधारल्यावर पाळी परत आली, तर मार कायमचा नव्हता असं मागाहून म्हणता येतं. घरच्यांचं ‘टेन्शन’ अगदी चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ते निदान शेवटी करायचं असतं, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

पाण्याकडेही लक्ष द्या. ग्रंथीचा मागचा भाग दुखावला तर शरीर लघवी घट्ट करू शकत नाही. रात्री चार-चार वेळा उठणं, उशाशी तांब्या लागणं, बर्फाच्या पाण्याचीच ओढ. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असतो, तेव्हा हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ऊनच असं आहे म्हणतात. मोजायचं कसं? प्लॅस्टिकचं एक लिटरचं माप आणि झाकणाचा डबा घ्या. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी साठवा आणि मोजा. तीन लिटरच्या वर गेली तर सोडियम आणि ऑस्मोलॅलिटीची (रक्त, लघवी किती घट्ट आहे त्याची) तपासणी हवी. त्या दिवशी पाणी मुद्दाम तोडून बघायचं नाही, ती तपासणी दवाखान्यातच होते.

एमआरआय पिट्युटरीसाठीचा, रंगद्रव्य देऊन केलेला हवा. स्फोटातल्या जखमींत एक प्रश्न आधी विचारायलाच हवा : अंगात कुठे छर्रा राहिला आहे का? डोळ्याजवळ किंवा मोठ्या शिरेजवळ लोखंडी कण असेल तर चुंबकात तो सरकू शकतो. आधी एक्स-रे, विशेषतः डोळ्यांच्या खोबणीचा, आणि मगच एमआरआय. तो साफ आला तरी हार्मोनचा दोष नाकारता येत नाही. रक्ताचा आकडा मोठा मानायचा.

‘कुठे न्यावं’ याचं उत्तर डॉक्टरांच्या क्रमात आहे. आधी अंतःस्रावतज्ज्ञ, सोबत झटक्यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञ, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तिसऱ्या. ग्वाल्हेरच्या जयारोग्य आणि कमलाराजा या सरकारी रुग्णालयांच्या आवारात नेलंत तरी आणि दलाच्या रुग्णालयातून पुढे पाठवलं तरी, कागदावर एक वाक्य स्पष्ट लिहून घ्या : ‘स्फोटातील डोक्याच्या दुखापतीनंतर पाळी बंद, पिट्युटरी तपासावी.’ नुसतं ‘पाळी अनियमित’ लिहिलं की मुलगी थेट सोनोग्राफीच्या रांगेत जाते, बीजकोषात दोन बारीक गाठी दिसतात आणि गाडी भलत्याच रुळावर जाते.

आता निकालानंतर. प्रोलॅक्टिन औषधानं वाढलेलं निघालं तर औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत पाळी येते, आणि पाळी दिसण्याच्या दोन आठवडे आधी बीज सुटतं हे लक्षात ठेवा. नऊ महिने पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, हा समज फार महागात पडतो. व्हॅलप्रोएट चालू असताना तर फारच. ते घेत असताना दिवस राहिले तर दहातल्या एका बाळात मोठं शारीरिक व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांत वाढीचे, शिकण्याचे प्रश्न दिसतात. म्हणून मूल हवं असलं तरी आज पहिलं पाऊल गर्भनिरोधाचं आहे, आणि दुसरं मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिनसारखं औषध बसतं का ते बघण्याचं. एकदम बंद मात्र नाही. व्हॅलप्रोएट अचानक थांबवलं तर झटके उसळून येतात, आणि तेही आईला आणि गर्भाला घातकच. नवीन औषधावर निदान नऊ महिने ते वर्षभर झटका न येणं ही गरोदरपणाची चांगली पूर्वतयारी. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम आत्तापासून, दिवस राहिल्यावर नाही.

गर्भनिरोधाची निवडही औषधांवर ठरते. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळी कमकुवत पडते, ७२ तासांची गोळीसुद्धा. लॅमोट्रिजिन चालू असताना इस्ट्रोजेनवाली गोळी घेतली तर लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत घसरते आणि झटका येऊ शकतो. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे झगझगीत रेषा येत असतील तर इस्ट्रोजेनवाली गोळी मुळीच नाही, पक्षाघाताचा धोका असतो. आणि मारानंतर विसरभोळेपणा आला असेल तर रोजची कुठलीच गोळी भरवशाची नाही. थोड्या काळासाठी तांबी (कॉपर-टी) मला सगळ्यात सरळ वाटते. कुठल्याही औषधाशी तिचं भांडण नाही, आणि काढली की त्याच महिन्यात रान मोकळं.

ग्रंथीचाच दोष निघाला आणि मूल लगेच नको असेल, तर इस्ट्रोजेन भरून द्यायचं. पाळी दिसावी म्हणून नव्हे, तर हाडांसाठी. विशी-तिशीत वर्षभर इस्ट्रोजेन नसलं तर हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि पाठीवर वजन घेऊन धावणाऱ्या मुलीचं पायाचं हाड तडकायला वेळ लागत नाही. कातडीवर लावायची इस्ट्राडायोलची पट्टी किंवा जेल मी आधी सुचवते, तोंडी गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळीचा धोका कमी. जोडीला महिन्यातून १२ रात्री प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम, नाहीतर अस्तर बेसुमार वाढतं. हे उपचार गर्भनिरोधक नाहीत, हे तिला स्पष्ट सांगा. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळची आग यानंच बऱ्याच कमी होतात. इच्छा मरणं, कुणी जवळ आलं की दचकणं, हे मात्र हार्मोनचंही असतं आणि स्फोटाच्या धसक्याचंही. ती हे तुमच्यापाशी बोलेलच असं नाही. डॉक्टरांकडे तिला पाच मिनिटं एकटीला आत जाऊ द्या, तुम्ही आणि तिचे यजमान बाहेर थांबा.

मूल हवं असेल तेव्हाचा मार्ग. कॉर्टिसॉल, थायरॉईड आणि झटके हे तिन्ही आधी जागेवर हवेत. मग यजमानांची वीर्यतपासणी. स्वस्त आहे, आणि ती न करता बाईला महिनाभर इंजेक्शनं टोचणं अन्याय आहे. पिट्युटरी गप्प असेल तर लेट्रोझोल, क्लोमिफेनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, कारण त्या पिट्युटरीलाच हाक मारतात. इथे एफएसएच आणि एलएच दोन्ही असलेलं एचएमजीचं इंजेक्शन लागतं, सुरुवात रोज ७५ ते १५० युनिट. नुसतं एफएसएच पुरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, बीजाची पिशवी १८ मिलिमीटरच्या आसपास आली की बीज सुटायला एचसीजीचं इंजेक्शन, आणि पुढे प्रोजेस्टेरॉनचा आधार, कारण तो टिकवणारं एलएच तिच्याकडे नाही. पहिल्या खेपेला बीज वाढायला दोन-तीन आठवडेही लागतात. घाईनं डोस वाढवला की एकदम चार-पाच बीजं वाढतात आणि जुळ्या-तिळ्यांची जोखीम येते. तेव्हा ती खेप सोडून द्यायची.

बीजकोष आणि गर्भाशय निरोगी असतील तर टेस्ट ट्यूबची गरज बहुतेक वेळा लागत नाही, म्हणूनच वर शक्यता चांगली म्हटलं. आणि एएमएच (उरलेल्या बीजांचा अंदाज देणारं हार्मोन) कमी आलं म्हणून कुणी ‘बीजं संपली’ म्हणालं तर घाबरू नका. बरेच महिने एफएसएचचा हुकूमच गेलेला नसला की एएमएच खरं असतं त्याहून कमी दिसू शकतं.

दिवस राहिल्यावर काय बदलतं ते थोडक्यात. कॉर्टिसॉल कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन, साधारण रोज १५ ते २० मिलिग्रॅम, मोठा वाटा उठल्याबरोबर. शेवटच्या तिमाहीत ते थोडं वाढवतात आणि कळा सुरू झाल्या की १०० मिलिग्रॅम शिरेतून. थायरॉक्सिन चालू असेल तर त्याचा डोस वाढवावा लागतो आणि तो फ्री टी-फोरवर ठरवायचा, टीएसएचवर नाही. वारेतून येणारं एक द्रव्य लघवी घट्ट ठेवणारं हार्मोन मोडतं, म्हणून आधी लपलेला पाण्याचा दोष गरोदरपणात उघडा पडू शकतो. भरून आलेला जुना मार हे आपोआप सिझेरियनचं कारण नाही. दूध कमी येऊ शकतं. त्यात तिचा दोष नाही, आणि सासरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कॉर्टिसॉलची गोळी सुरू झाली तर घरातल्या सगळ्यांना नियम पाठ हवेत. ताप आला की डोस दुप्पट. उलटीनं गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि दवाखाना, रात्र असली तरी. संकष्टी किंवा नवरात्राच्या उपासाला गोळी चुकवायची नाही, निर्जळी तर करायचीच नाही. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, हिंदीतून, कारण ड्युटीवर उचलणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही.

प्रोजेस्टेरॉननं मेंदूचा मार भरून येतो असं कुणी दाखवलं असेल तर त्यामागे जाऊ नका. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये आले, एकीत ८८२ आणि दुसरीत ११९५ रुग्ण होते, दोन्हींत फायदा दिसला नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तिच्या नावानं खुणा सुरू करा : रक्ताचा डागसुद्धा दिसला तर लाल, झटका आला तर काळा, डोकेदुखीला फुली, औषध बदललं तर त्याचं नाव. पाळीच्या सुमारास झटके वाढतात का, हे तीन महिन्यांच्या पानांवर जसं दिसतं तसं आठवणीतून सांगता येत नाही. आणि दलाच्या वैद्यकीय कागदांत हार्मोनचा दोष स्फोटाशी जोडून नोंदवून घ्या, दुखापतीच्या अहवालाची प्रत घरी ठेवा. वैद्यकीय श्रेणी खाली जाईल म्हणून मुली हे लपवतात, ती भीती समजते. पण कॉर्टिसॉल कमी असलेली मुलगी उन्हात कवायतीला उभी राहून कोसळली, तर त्या वेळी जवळ कुणालाच कारण माहीत नसेल.

या आठवड्यात एवढं करा : कॅप्सूलचं पाकीट वाचा, लघवीची पट्टी, चोवीस तासांचं माप, आणि सकाळी आठचं रक्त. निकाल आले की कॉर्टिसॉलचा आकडा रक्त काढल्याच्या वेळेसकट, इस्ट्राडायोल आणि एफएसएच शेजारी-शेजारी लिहून इथेच टाका. तोवर तिला उलट्या, चक्कर, खूप गळाठा असं एकत्र झालं तर तपासणीची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच स्फोटाबद्दल सांगा.